डाव्या गालातला कापूस

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं कार्टूनमधल्या शेळीवाल्याचा आवाज होता. शेळीवाला म्हणजे आम्ही. डोंगरापलीकडून या शहरात आलेली आमची सगळी माणसं पडद्यावर त्या एकट्यात मावली होती: हातभर मिशा, खांद्यावर शेळी आणि तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलणं. आमच्या घराण्यात कुणी शेळी पाळल्याचं ऐकिवात नाही. वडील वीज कचेरीत कारकून होते. मला तर शेळीची भीतीच वाटते.

बोलण्याचं म्हणाल, तर आम्हा भावंडांचे उच्चार कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असे घासूनपुसून लख्ख केले होते, की फोनवर लोकांना रेडिओ लागल्यासारखं वाटे.

घोळ झाला तो दाढेमुळे. ज्या मंगळवारी भावाचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, त्याच सकाळी त्याची दाढ काढली. गाल सुन्न, आत कापसाचा बोळा. चार वाजता तो माइकसमोर उभा राहिला आणि जमेल तसं बोलला. दिग्दर्शक खूश झाले. म्हणाले, "अगदी तुमच्या लोकांसारखं." दोन दिवसांनी सूज उतरली, तेव्हा तेच म्हणाले, "आज हे काय परक्यासारखं बोलताय? काम नको का?" तेव्हापासून भावजय त्याच्या डब्याशेजारी रोज कापसाची पुडी ठेवू लागली, जसा इतरांच्या घरी रुमाल ठेवतात.

हे असंच चाललं असतं, पण भावाची नात नऊ वर्षांची झाली. वर्गातली मुलं तिला म्हणत, "तुमच्या लोकांसारखं बोलून दाखव." ती बोलली की म्हणत, "हे नाही, खरं बोल." शेवटी तिने वर्गात बोलणंच सोडलं. हजेरीलाही नुसता हात वर करी. महिन्याने बाईंची चिठ्ठी घरी आली.

भावाने ती जेवताना वाचली आणि घास खाली ठेवला. "नव्या सिनेमात मी कापूस घालणार नाही."

"काढून टाकतील," भावजय म्हणाली.

"टाकू देत. पोरगी मुकी झाल्यावर माझ्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय?"

एव्हाना स्टुडिओ सुधारला होता. कुठल्याही समाजाचं चुकीचं चित्रण होऊ नये म्हणून त्यांनी एक समिती बसवली होती आणि उच्चार तपासायला एक तरुण बाई नेमली होती. भावाने सोबत चल म्हटलं, म्हणून मीही गेले. पिशवीत त्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षीची माझी डायरी घेतली. खोलीत दोन खुर्च्या, एक माइक आणि भिंतीवर हसणारी शेळी.

भावाने दिलेला कागद स्वच्छ वाचला. बाईंनी मान हलवत गुण मांडले.

"पाचपैकी दोन. काका, राग मानू नका, पण आपल्या लोकांचं बोलणं तुम्हाला जमत नाही. बाहेरचे वाटता." हे सगळं बाई तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलल्या.

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"आपल्यातलीच की, मावशी."

"मग हे असं बोलायला कुठे शिकलात?"

"अभ्यास केला. शेळीवाल्याच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून. घरी कुणाला येतच नाही. आजीसुद्धा काकांसारखीच बोलते. आम्ही समजायचो, शहरात राहून तिची जीभ बिघडली."

मी डायरी उघडून पुढे सरकवली. मंगळवारची नोंद होती: "सकाळी दहा, धाकट्याची दाढ काढली. डावी, खालची. चारला रेकॉर्डिंग. एक शब्द धड कळला नाही, तरी सगळ्यांनी वाहवा केली. कारण समजलं नाही."

बाईंनी दोनदा वाचलं. हात आपोआप डाव्या गालाशी गेला. मग त्या पहिल्यांदा सरळ बोलल्या. "म्हणजे मी तीन वर्षं दाढेचा उच्चार तपासतेय?"

"चांगला तपासता," भाऊ म्हणाला. "मला तर नापास केलंत."

समितीच्या तीन बैठका झाल्या. एका सभासदाचं म्हणणं पडलं, की उच्चार दाढेचा असला तरी आता तो आमचा वारसा आहे आणि जपला पाहिजे. दुसऱ्याने आमच्यात दाढ काढण्याचा विधी कितव्या वर्षी होतो, ते लेखी विचारलं. मी लेखी कळवलं: दुखेल तेव्हा. उच्चार तपासणाऱ्या बाई मात्र शेळीवाल्याने सरळच बोलावं, यावरून हटल्या नाहीत. अखेर असं ठरलं, की शेळीवाला एकाएकी नीट बोलला तर प्रेक्षक गोंधळतील, तेव्हा काहीतरी कारण दाखवावं. शेळीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

सिनेमा आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. पाचव्या मिनिटाला शेळीवाला दाताच्या डॉक्टरकडे जातो. एवढी मोठी दाढ निघते, ती शेळी खाते. मग तो खुर्चीतून उठतो आणि माझ्या भावाच्या आवाजात, नेहमीच्या घरच्या आवाजात म्हणतो, "आता बरं वाटतंय." नातीने आजोबांचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

सोमवारी शाळेतून आली ती दप्तर न काढताच सांगू लागली.

"आत्याआजी, सगळे म्हणाले, तोंड उघड. दाढ काढलीये का बघायचं होतं."

"मग गं?"

"उघडलं. डावीकडची दुधाची दाढ पडलीच आहे ना. सगळ्यांना पटलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नवी येतेय. मग बाईंनी धडा वाचायला उभं केलं, तो आख्खा वाचला."