काढलेली गाडी

आमच्या घरात 'गाडी काढणे' याचे तीन अर्थ होते आणि तिन्ही रोजच्या वापरातले. पोर्चमधून बाहेर आणली की गाडी काढली. शोरूममधून नवी घेतली तरी काढलीच. भिलाईत पेढे घेऊन येणारा मराठी शेजारी अजूनही "गाडी काढली" असंच सांगतो, कारण हिंदीतलं 'निकाली' आमच्या मराठीत असं ठाण मांडून बसलंय की त्याला आता कोणी उठवू शकत नाही. आणि नको झालेली गाडी कुणाला देऊन टाकली, तर तीही काढली. बोलणारा कोण, कुठे उभा राहून बोलतोय, यावरून आम्हाला बरोबर कळायचं. मला एकदाच कळलं नाही.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटात रोलिंग मिलला होते. आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा एक साहेब रिटायर होऊन आपल्या गावी चालले होते, त्यांच्याकडून बाबांनी ती गाडी घेतली. मी तेव्हा चौथीत होते. पांढरट रंग, गोल दिवे, गिअर स्टिअरिंगलाच. मागच्या डाव्या दाराला एक मोठा पोचा होता, तो कुरुदच्या रस्त्यावर एका सांडाने दिलेला. रविवारी बाबा "गाडी काढतो" म्हणत उठले की आई थर्मासमध्ये चहा भरायची. कुरुदच्या पुढे त्या काळी धानाची शेतं होती. बांधाशी गाडी थांबवायची, चारही दारं उघडी टाकायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. त्यात एवढी मजा काय होती हे आता सांगता येत नाही, पण होती.

पुढे आम्ही नेहरू नगरात स्वतःचं घर बांधलं आणि बाबांना नव्या गाडीचे वेध लागले. दर दिवाळीच्या आधी ते हायवेवरच्या शोरूममध्ये जायचे, सगळ्यात लहान गाडीचं कोटेशन आणायचे आणि फाईलला लावायचे. त्या फाईलला मी 'बाबांची जन्मपत्रिका' म्हणायचे. दर वर्षी त्यांची बचत वाढायची आणि गाडी तिच्या थोडी पुढेच असायची. कधी गाडीत फुगणाऱ्या पिशव्या आल्या म्हणून, कधी मागे कॅमेरा आला म्हणून, कधी विमा, कधी रोड टॅक्स. घरी आल्यावर ते आईला विचारायचे, "हे ऑन-रोडचे पैसे वेगळे म्हंते तो. मंग बाकीच्या गाड्या काय हवेत चालून राहिल्या?" आम्ही हसायचो. तेही हसायचे. नंतर एका दिवाळीला ते शोरूममध्ये गेलेच नाहीत, आणि 'बरं झालं, एक कटकट गेली' असं मला वाटलं. मी अशीच आहे.

दरम्यान जुनी गाडी बंद पडली होती. तिचे पार्ट मिळेनात, आणि जुन्या गाडीचे कागद पुन्हा करायचे तर सरकारला तिच्या किमतीएवढीच फी द्यावी लागेल असं वाटायला लागलं होतं. ती पोर्चमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मी जवळच्याच कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. माझी स्कूटर बारा महिने उन्हात, आणि ही बाई सावलीत. मे महिन्यात स्कूटरच्या सीटवर बसताना मी त्या गाडीला काय काय बोलले आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा मात्र रोज सकाळी तिची काच पुसायचे.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ मोजके शब्द उरले होते. पाणी, पंखा, आईचं नाव. आणि तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी, खिडकीशी खुर्चीत बसवल्यावर, ते मला म्हणाले, "गाडी काढ वं."

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "काय म्हणता बाबा? गाडी काढू?"

"काढ," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आणून हसले.

तेव्हा मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांची कोटेशनं, आणि आता मागितली त्यांनी, तीही माझ्याजवळ. मी त्यांची फाईल काढून बसले. शेवटच्या कोटेशनवरच्या किमतीत आता शोरूमवाला चार चाकं आणि स्टेपनी देईल, एवढा फरक पडला होता. मी माझी एफडी मोडली, बाकीचं बँकेकडून घेतलं, आणि पोर्च रिकामा व्हावा म्हणून जुन्या गाडीला गिऱ्हाईक पाहिलं.

रायपूरहून एक माणूस आला. जुन्या गाड्या घेणारा. त्याने बॉनेट ठोकलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इसमें कुछ बचा नहीं है दीदी. लोहे का भाव दे दूँगा." ज्याने जन्मभर लोखंडच लाटलं त्याच्या दारात उभा राहून तो लोखंडाचा भाव सांगत होता, आणि मी घासाघीससुद्धा केली नाही. उलट त्याने ट्रकवर चढवायला माणसं सोबत आणली म्हणून मला हायसं वाटलं. बाबांची तेव्हा मागच्या खोलीत फिजिओथेरपी चालली होती. त्यांना एकदम चकित करायचं असं मी ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी नवी गाडी घरी आली. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी बाबांना व्हीलचेअरवर बाहेर आणलं. त्यांनी नव्या गाडीकडे पाहिलं, मान हलवली, छान अशी. मग मान वळवून पोर्चकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि डावा हात उचलून, हवेतच, स्टिअरिंगच्या बाजूचा तो गिअर वर केला, खाली केला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी कुठी?"

आई हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. आत गेल्यावर मला म्हणाली, "त्याइले नवी नव्हती पायजे वं. बाहेर काढ म्हणत होते. बसायचं होतं त्याइले."

"मग तू कावून नाही बोलली?"

"मले काय मालूम. मले वाटलं, तुमचं बापलेकीचं ठरलं."

चार शेजारी बोलावून ती गाडी गेटपर्यंत ढकलली असती, बाबांना आत बसवलं असतं आणि चहा दिला असता, तर झालं असतं. फुकटात झालं असतं. मी त्यासाठी एफडी मोडली आणि तेवढं एकच केलं नाही. बाहेर येऊन मी बाबांना सांगितलं, "दुरुस्तीला दिली, बाबा. चालू करून आणते." तोंडातून निघून गेलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी परत मागायला रायपूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मोडीत काढली नाही, नव्यासारखी करायला घेतली आहे, काम झालं की सांगतो. मी दर आठवड्याला फोन करत राहिले. इकडे मी क्लासवरून आले की बाबा रोज विचारायचे, "झाली काय?" आणि मी रोज काहीतरी सांगायचे. ब्रेकचं काम आहे. पार्ट कोलकात्याहून येऊन राहिला. पेंटवाला गावी गेला. बाबांचं बोलणं हळूहळू सुधारत होतं, आणि माझं खोटं बोलणं त्याहून लवकर सुधारलं.

पाच महिन्यांनी मी रायपूरला गेले. गाडी काचेच्या मागे, दिव्यांखाली उभी होती. रंग गडद लाल, वरचं छत दुधी, आत मखमल. पोचा गेला होता. मी किंमत विचारली तेव्हा तो माणूस जरा खाकरला. "अब ये गाड़ी नहीं है दीदी, एंटीक है." त्याने सांगितलेल्या आकड्यात माझ्या नव्या गाडीसारख्या दोन आल्या असत्या. आणि माझी नवी गाडी तर शोरूमच्या फाटकाबाहेर पडली तेव्हाच जुनी आणि स्वस्त झाली होती. नवी गाडी बाबांच्या पुढे पळत राहिली, आणि आता जुनीही पळाली. मी त्याच्यासमोर रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तो वाईट माणूस नव्हता. कमी किमतीत विकत तर नाही, पण लग्नासाठी भाड्याने देतो तशी एका सकाळपुरती देतो म्हणाला. भाडं लग्नाचंच, चालवणार त्याचाच ड्रायव्हर.

ती सकाळ गुरुवारची होती. मी बाबांना काही सांगितलं नाही. ते स्वतः ओळखतील, हात लावतील, हे मला बघायचं होतं. गाडी गेटशी थांबली. बाबांना आम्ही दोघींनी उभं केलं, आणि दाराशी येताच त्यांनी डाव्या पायाने उजव्याची चप्पल काढायला सुरुवात केली. परक्याच्या गाडीत बसताना काढतात तशी. मी म्हटलं, "राहू द्या ना बाबा." ते म्हणाले, "गालिचा आहे त्याइचा."

कुरुदच्या रस्त्याने गेलो. शेतं नव्हती, फ्लॅट होते, रंगवलेल्या पाट्या होत्या. आईने थर्मास आणला होता पण ड्रायव्हरने गाडीत चहा नको म्हटलं. बाबा मागच्या सीटवर गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि कुठेही टेकले नव्हते. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी एकदाही गिअरकडे पाहिलं नाही.

घरी उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला डाव्या हाताने नमस्कार केला आणि शब्द जुळवत जुळवत हिंदीत म्हणाले, "बहुत अच्छी गाड़ी है आपकी." हिंदी ते बाहेरच्या माणसांशी बोलतात. गाडी वळून हायवेकडे गेली. बाबा तिच्यामागे बघत राहिले, मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "आपली बी अशीच होती."

मी हो म्हटलं. 'होती' हा शब्द मला दोन पायऱ्या चढून गेल्यावर नीट ऐकू आला. दुरुस्तीला दिलेल्या गाडीला कोणी 'होती' म्हणत नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि रोज संध्याकाळी ते मला "झाली काय?" विचारत होते, ते माझं खोटं पचलं असं मला वाटावं, मला अपराधी वाटू नये म्हणून.