सुमनची वही

पस्तीस वर्षांपूर्वी शारजात बसून मी पंधरा दिवसांची एक खोटी वही लिहिली. डाव्या अंगठ्याला मुंग्या, जिभेवर गंजाची चव, दुपारी चारला उगाच रडू... सगळं कांदा चिरता चिरता सुचलेलं. काय ती प्रतिभा!

वही मागितली होती माझ्या मोठ्या दिरांनी, अण्णांनी. दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामात ते स्टोअरकीपर, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एका जर्मन डॉक्टरचे चरित्रकार. होमिओपॅथीच्या मूळ गुरूच्या अगदी पहिल्या चेल्यांपैकी हा एक. धर्मशास्त्र सोडून वैद्यकीकडे वळला, स्वतः औषधं देतो म्हणून औषधविक्रेत्यांनी कोर्टात खेचला, तरुणपणीच गेला. अण्णा हे असं सांगत, जणू तो खालच्या मजल्यावर राहायचा. हा डॉक्टर औषध आधी धडधाकट माणसांना द्यायचा, स्वतःलाही, आणि प्रत्येकाला काय काय होतं ते लिहून घ्यायचा. अण्णांना तसाच एक प्रयोग करून पुस्तकात घालायचा होता. जाऊबाई म्हणाल्या, "मला नका गुंतवू." आमचे हे तर हसतच सुटले. मी मात्र तोऱ्यात हो म्हटलं. मग नियम कळले : पंधरा दिवस कॉफी बंद, कांदा बंद, अत्तर बंद. अठ्ठावीस वर्षांची नटवी मी... गोळ्या गेल्या बेसिनमध्ये.

वही वाचून अण्णा हरखले. मग तेच औषध त्यांनी स्वतः सुरू केलं, नियम पाळून. कितीतरी शुक्रवार चार वाजता घड्याळ समोर ठेवून ते रडू येण्याची वाट बघत बसत. "नाही गं येत, सुमन. माझंच लक्ष कमी पडतंय." मी स्वयंपाकघरात ओढणी तोंडात कोंबून हसत होते. ती अठ्ठावीस वर्षांची मी आज भेटले तर तिची ओढणी ओढून बाहेर आणीन म्हणते, त्यांच्यासमोर.

त्या गोळ्यांनी गुण येतो की नाही, तो वाद वेगळा. माणूस तर माझ्या शब्दावर बसून राहिला होता...

गेल्या महिन्यात अण्णा गेले. पुस्तक आता त्यांची मुलगी केतकी छापून घेते आहे. परवा तिने फोनवर पानं पाठवली, "काकू, तुझं चॅप्टर चेक कर ना, मंडेला प्रेसला जातंय." सोळा पानं. अंगठा, गंज, चार वाजता. खाली अण्णांची टीप : 'मला स्वतःला हा अनुभव घेता आला नाही, ही माझी उणीव.'

रविवारी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती चहा करत होती. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली,

"काकू, ते चॅप्टर काढा असं मी बाबांना दोनदा सांगितलं होतं, टू लाँग म्हणून. ते म्हणाले, 'बाकी काहीही काप, हे नको. घरात माझी चेष्टा न करणारी एकटी सुमन होती.' सो यू टेल मी आता... काढू?"