मोटरीचा नंबर

घरबसल्या नोकरी करणाऱ्यांचं आता भारी कौतुक होतं. माझ्या वडिलांनी मोबाइल नवेनवे होते तेव्हाच बदनापूरच्या कचेरीत खुर्चीवर बसून पिंपळगाव रेणुकाईची शेती केली होती.

विहिरीवरच्या मोटरीला त्यांनी सिमकार्डाचं यंत्र बसवून घेतलं. त्या नंबरवर कुणीही मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. मग चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचे, "मी हितून पाणी देऊन राह्यलो!"

पुढं त्यांना आणखी अक्कल सुचली. बदलीचं बघा, पोराला कुठं चिकटवा, असं म्हणत पाहुणे नंबर मागायचे. वडील हसतमुखानं मोटरीचा नंबर द्यायचे. मोटर काही फोन उचलणार नव्हती.

एके दुपारी शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांच्या खऱ्या नंबरवर फोन केला. "जल्दी या. तुमची मोटर सकाळधरनं चालू-बंद होऊन राह्यली. गव्हात गुडघाभर पाणी हाय."

वडील एसटीनं गेले, चिखल तुडवत मोटरीची वायर काढली आणि दिवेलागणीला घरी परतले. उंबऱ्यातच समस्त पाहुण्यांचा उद्धार सुरू केला. "बिलकुल अक्कल न्हाई! दिवसभर इतके फोन करतं कोण?"

आई ज्वारीची भाकरी थापत होती. "मीच की," ती म्हणाली. "गव्हाचं पीठ संपलं, म्हणून सकाळपासून फोन लावून राह्यले. मला बी तोच नंबर दिल्ता ना तुम्ही?"