कॅमेऱ्याला लागलेली खाडीची हवा

आमच्या बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचा एक सेकंद कधी एका सेकंदाचा असे, कधी तिनाचा, आणि लहर फिरली तर तो संपतच नसे. भर उन्हात, झटपट फोटो काढताना तो शहाण्यासारखा वागायचा. पण अंधुक खोलीत शटर जरा वेळ उघडं ठेव म्हटलं, की आतली चक्रं खर्र करत निघायची आणि मध्येच बसकण मारायची. मग बाबा तळहाताने एक चापट द्यायचे, तेव्हा कुठे शटर मिटायचं.

एरवी हे चाललं असतं. पण कोपरखैरण्याची आमची बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली होती आणि दसरा झाला की चावी द्यायची होती. सगळी सोसायटी कार्पेट एरियावरून भांडत होती. बाबांना फक्त एक फोटो हवा होता. आई आणि ते, हॉलमधल्या दिवाणावर, संध्याकाळच्या उजेडात. आमच्या हॉलसमोर दुसऱ्या बिल्डिंगची पाठ, त्यामुळे उजेड नावालाच. फ्लॅश चालणार नव्हता, कारण फ्लॅशमध्ये माणसं चोरी करताना सापडल्यासारखी दिसतात. मोबाइल तर नाहीच, कारण मोबाइलवरून आई भाजीवाल्याला मेथीचे फोटो पाठवते. या घरातला पहिला फोटो त्या कॅमेऱ्याने काढला होता, शेवटचाही त्यानेच निघणार होता.

बाबा जन्मभर रबाळ्याच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. मशीन कानाने तपासायचं ही त्यांची पद्धत, त्यामुळे कॅमेरा कानाला लावून ते हॉलभर फिरायचे आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कुणाचा तरी फोन आलाय. दुपारच्या उकाड्यात शटर बरं चालायचं, सकाळच्या गारव्याला अडायचं. मी म्हटलं, खाडीची दमट हवा असेल. झालं, माझी शाळा घेतली.

"हवेला दोष देणाऱ्याने मशीनला हात लावू नये," ते म्हणाले. "हवा सगळ्यांनाच हाय. बिघाड माणूस करतो."

वाशीच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, मॅडम, शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. शेजारच्या काकूंनी भिजलेल्या मोबाइलचा उपाय सुचवला आणि आईने तो लगेच अमलात आणून कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला. बाबांनी तो उकरून काढला. त्या दिवशी भात मात्र घास-घास निरखून खाल्ला.

शेवटी तो आम्हीच उघडायचं ठरलं. माझ्याकडे एका परदेशी गृहस्थांचे व्हिडिओ होते, ज्यांची सुरुवातच 'हे घरी करू नका' अशी होती. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणून स्क्रू मी काढायचे आणि टॉर्च धरून हुकूम त्यांनी सोडायचे. खालची पट्टी निघाली. शटरला रेंगाळायला लावणारी बारीक दातेरी चक्रं समोर आली, घड्याळात असतात तशी. त्यांच्यावर तपकिरी चिकट थर बसला होता, पापड तळायच्या तेलाच्या डब्याला बसतो तसा.

"ह्यात तेल घातलं कुणी?" बाबांचा आवाज चढला. ही चक्रं जवळपास कोरडी चालायची असतात, हे ते मला समजावणार तोच टॉर्च थांबला. त्या चिकट्यात लाल कण होते. पिवळेही होते.

कळायला मला वेळ लागला, त्यांना लागला नाही. दसऱ्याला बाबा कंपनीत मशीनची पूजा करायचे आणि घरची हत्यारं आईकडे असायची. शिलाई मशीन, विळी, पक्कड, स्कूटर आणि कॅमेरा, कारण तेही मशीनच. दसऱ्याला मशीनला एक फूल आणि एक थेंब तेल, हा नियम लग्नानंतर तिला बाबांनीच शिकवला होता. फूल दुसऱ्या दिवशी सुकून पडायचं. थेंब हळदकुंकू घेऊन फिल्म पुढे सरकवायच्या खटक्याच्या फटीतून आत उतरायचा. इतकी वर्षं आम्ही अत्यंत भक्तिभावाने त्या कॅमेऱ्याचा सेकंद लांबवत होतो.

आई चहा घेऊन आली. काय निघालं आत, तिने विचारलं. बिघाड माणूस करतो, हे वाक्य आता कसं येतंय म्हणून मी, खरं सांगते, थोड्या मजेनेच वाट बघत होते.

"हवा," बाबा म्हणाले. "खाडीची दमट हवा."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझी शाळा घेतलेली आठवून मला राग आला आणि त्याहून कितीतरी जास्त माया वाटली. मी लायटरचं पेट्रोल आणि ब्रश घेऊन चक्रं धुवायला बसले. कुंकू सगळ्यात शेवटी निघालं.

दसऱ्याच्या संध्याकाळी भांड्यांनी भरलेल्या खोक्यावर मी कॅमेरा ठेवला. एवढ्यात आई पूजेचं ताट आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुप्पी घेऊन आली.

"हवा एवढी वाईट म्हणता, तर यंदा दोन थेंब टाकते," ती म्हणाली.

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. बाबांनी कुप्पीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आधी फोटो काढू," ते म्हणाले.

दोघं दिवाणावर बसली. आईने पदर नीट केला. हलू नका, असं मी बजावलं आणि बटण दाबलं. बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, ऐकत होते. चक्रं खर्र करत निघाली, कुठे अडली नाहीत, आणि शटर वेळेवर मिटलं. बाबांचे खांदे सैल झाले.

मग ते उठले, खोक्यावरचा कॅमेरा उचलला, थेंब नीट आत जावा म्हणून खटका अंगठ्याने बाजूला सारला आणि तो आईसमोर धरला.

"टाक," ते म्हणाले.