फ्रेंच बाईंना ‘स्टिल’ सांगताना

निजामाच्या अमलात आमचं शिक्षण उर्दूतून झालं. इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच. मास्तर इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचे, त्याचा उर्दू अर्थ सांगायचे, आणि आम्ही तो मनातल्या मनात मराठीत आणायचो. ‘स्टिल’ म्हणजे ‘अभी तक’, म्हणजे ‘अजून’. एवढ्या भांडवलावर मी परभणीला मॅट्रिक झालो आणि चारठाण्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो.

एका चैत्रात आमच्या गावची देवळं बघायला दोन फ्रेंच माणसं आली. भाऊ आणि बहीण, दोघांचेही केस पिकलेले. भाऊ दगडांची मापं घ्यायचा, बहीण नक्षी कागदावर उतरवायची. हैदराबादेहून परवानगी आणलेली, दिमतीला तहसीलीतला एक चपराशी. साहेबांना इंग्रजी मुळीच येत नव्हतं. बाईंना थोडं यायचं, आणि अडलं की त्या पिशवीतून एक छोटा जाड कोश काढायच्या. त्यात एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत राहायचा हुकूम मला झाला होता.

ऊन फार तापलं होतं. गावकरी मला सांगायचे, “मास्तर, सायबाला म्हणावं दुपारचं सावलीत बसा. हे ऊन लय वाईट.” मी बाईंना सांगायचो, बाई भावाला सांगायच्या, आणि ते हसून टोपीखाली ओला रुमाल घालायचे. एका दुपारी ते मोजपट्टी हातात धरूनच खांबाशी कोसळले. आम्ही त्यांना चावडीत आणलं, तळपायाला कांदा चोळला, अंगावर ओली धोतरं टाकली. ताप उतरेना. बडबडता बडबडता त्यांची शुद्ध गेली.

नशिबाने एका अंमलदाराची मोटार परभणीला निघाली होती. मागच्या बाकावर साहेबांना आडवं केलं, डोकं चपराशाच्या मांडीवर. बाईंना जागाच उरली नाही. मोटारीने वेग घेईपर्यंत त्या दाराची कडी धरून बाजूने चालत राहिल्या. मग वाटेत उभ्या राहिल्या, धुळीत. आम्ही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची बैलगाडी सांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायच्या वेळीच चपराशी परत आला. जिंतूरपर्यंत मोटारीने, पुढे सायकलीवर. बाई चावडीच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्याला बघून त्या उठल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

“काय हाय साहेबाचं?” मी विचारलं.

“जसे नेले तसेच हायेत, मास्तर. डोळे मिटून पडलेत. हाक मारली तर ओ देईनात.”

“पण जिवंत हायेत ना?”

“मी निघालो तवा तर होते. आता हितून काय सांगू?”

मी शब्द जुळवले आणि बाईंना इंग्रजीत म्हणालो, “ही इज स्टिल लिव्हिंग.” म्हणजे ते अजून जिवंत आहेत. माझ्या मते वाक्य बिनचूक होतं. पण ‘स्टिल’ त्यांना अडला. त्यांनी कोश उघडला. मी शेजारून वाकून बघितलं. डावीकडचा ‘स्टिल’ मला वाचता येत होता, पण त्याच्यासमोर फ्रेंच शब्दांची रांगच्या रांग होती आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. एका इंग्रजी शब्दाला इतके अर्थ असतील हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाईंचं बोट त्या रांगेवरून खाली गेलं, वर आलं. एका शब्दावर थांबून त्यांनी मला विचारलं, “ऑलवेज? ऑलवेज लिव्हिंग?”

ऑलवेज म्हणजे नेहमी. नेहमी जिवंत कोण असतं? मी घाईने म्हणालो, “नो, नो. नॉट ऑलवेज. स्टिल. ओन्ली स्टिल.”

त्यांचं बोट रांगेतल्या दुसऱ्या शब्दावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग त्या ओट्यावर बसल्या. हातातला कोश मिटला नाही, तसाच मांडीवर उघडा राहिला.

फ्रेंचमध्ये ‘अजून’ला आणि ‘नेहमी’ला एकच शब्द चालतो, आणि इंग्रजी ‘स्टिल’चा दुसरा अर्थ निश्चल, हूं की चूं न करणारा, हे मला पुष्कळ वर्षांनी एका प्राध्यापकांनी समजावलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की मी जिवंत म्हणालो आणि बाईंनी मेले असं ऐकलं.

मी ‘नॉट डेड’ म्हणालो. त्यातला ‘डेड’ तेवढा त्यांनी ऐकला असावा, कारण त्यांनी डोळे मिटले. तोवर चावडीच्या आजूबाजूच्या बायांनीही ओळखायचं ते ओळखलं होतं. एकीने पाण्याचा तांब्या आणला, एक म्हातारी बाईंच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. “रडू द्या त्यान्ला, मास्तर. तुमी नका बोलू आता,” ती म्हणाली.

“अगं आजी, साहेब जिवंत हायेत!”

“मग ही बाई अशी का करायलीय?”

शेवटी मी टोपी काढून ठेवली आणि सगळ्या गावासमोर ओट्याखाली जमिनीवर उताणा पडलो. डोळे मिटले. जोरजोरात श्वास घेतला, सोडला, छाती वरखाली केली. काही जण हसले. माझ्याच शाळेच्या पोरांचे बाप होते ते. मी डोळे उघडले तेव्हा बाई माझ्यावर वाकल्या होत्या.

“ब्रदर?” त्यांनी विचारलं.

“येस. ब्रदर,” मी पडल्या पडल्याच म्हणालो.

त्यांनी माझ्या छातीकडे बोट दाखवलं, मग परभणीच्या दिशेला. “नाऊ?”

आता, या घडीला, तो श्वास चालू आहे का? हे विचारायला त्यांना कोश लागला नाही. मी उठून बसलो आणि कपड्यांवरची धूळ झटकत राहिलो.

बैलगाडीने आम्ही जिंतूर गाठलं, तिथून सर्व्हिस मोटार मिळाली. बोरी गावाशी इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली, तर बाई खाली उतरून एकट्याच परभणीच्या रस्त्याने चालू लागल्या. ड्रायव्हर मला म्हणाला, “मास्तर, सांगा ना त्यान्ला, मोटार निघायलीच.” मी काही सांगायला गेलो नाही. पुढे गाठून मोटारीने त्यांना घेतलं.

दवाखान्यात साहेब जिवंत होते. बहिणीचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. दोघं हलक्या आवाजात बोलत राहिले. मी बाहेर व्हरांड्यात बसलो. आत मला विचारणारं कोणी नाही, या विचारानेच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. डॉक्टरांनी बाहेर येऊन बाईंना चांगल्या इंग्रजीत बरंच काही सांगितलं. बाईंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान खाली घातली. या वेळी त्यांना बरोबर कळलं.

किरिस्तावांच्या मोजक्या थडग्यांशेजारी त्यांना पुरलं. माती लोटायला मी, चपराशी आणि दवाखान्यातले दोघे जण होतो.

स्टेशनवर बाईंना मनमाडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्या माझ्याशी बोलू लागल्या, इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये. बराच वेळ, शांतपणे, जणू मला सगळं समजतंय. त्यांना चारठाण्यात राहिलेले कागद हवे होते, की भावाच्या थडग्यावर दगड बसवायचा होता, की मला दोष देत होत्या, की आभार मानत होत्या, कोण जाणे. मध्येच त्या थांबल्या, काहीतरी विचारल्यासारखं माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान हलवली. कशाला होकार दिला ते मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांना मात्र तो पुरला असावा. त्या मागे टेकून बसल्या आणि गाडी हलली.