बाबूजींच्या कानाचा आवाज

मनोहर गेल्याचा निरोप भंडाऱ्याहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने दिला, तेव्हा मी गिरणीत पट्टा चढवत होतो. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. वय पंचेचाळीससुद्धा नसेल... मी गिरणी बंद केली आणि पहिला विचार आला तो माझ्या वडिलांचा, बाबूजींचा. आमच्या आंधळगावच्या घरात त्यांना काही सांगायचं म्हणजे चार घरांना ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं. जेवायला चला, पाहुणे आले, हे ओरडून सांगता येतं. पण ज्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता तो गेला, हे कसं ओरडायचं? दोन दिवस मी तोंड चुकवत फिरलो.

मनोहर कारध्याचा. रोज सायकलने वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला यायचा आणि आपल्या टीचभर दुकानात रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. पाच वर्षांपूर्वी मी जुनी अँबेसेडर घेतली आणि माझ्या अंगात आलं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीत इक्वलायझर पाहिला होता. स्टीरिओखाली बसवायची चपटी पेटी, वर-खाली सरकणारी सात बटणं, तबला छातीत वाजावा असा जाड आवाज. मला तसाच हवा होता. पेटी विकत घेऊन मी मनोहरकडे गेलो. बाबूजी सोबत होते, भंडाऱ्याचं काम म्हटलं की ते निघायचेच. मनोहरने पेटीकडे नीट पाहिलंही नाही. गाडीत कोण कुठे बसतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी चालवतो, बाबूजी मागे बसतात. मग त्याने मला बाजाराची कामं उरकायला पिटाळलं आणि बाबूजींना गाडीतच बसवून ठेवलं.

परत येऊन ऐकतो तर काय, पत्र्यावर खिळा ओढावा तसा तिखट आवाज! तबला कुठच्या कुठे गेलेला. माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाला तशीही धार आहे. चारचौघांत त्याला नको ते बोललो, रेडिओच दुरुस्त करत बस म्हणालो. मी गाडी काढली. आमच्या गावच्या भजनी मंडळाची मीच भरलेली कॅसेट लागलेली होती. शहर मागे पडलं आणि मागच्या सीटवरून बाबूजी म्हणाले, "हा टाळवाला मागे पडून राहिला. कोण आहे हा?"

मी गाडी बाजूला घेतली. तीस वर्षं धानगिरणीच्या घरघरीत उभं राहून त्यांचे कान गेले होते. नागपूरहून आणलेलं कानाचं यंत्र शिट्ट्याच मारायचं, ते कपाटात पडून होतं. आणि ते टाळाबद्दल बोलत होते! मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. एक टाळ खरोखरच कणभर उशिरा पडत होता. वर्षभर ती कॅसेट ऐकून मला ते कळलं नव्हतं... तसाच मागे फिरलो.

मनोहर डबा खात बसला होता. मला पाहून हसला. "भाऊ, बाबूजीले आवाज येते, अक्षर नाही येत," तो म्हणाला. "तुम्ही वरडता त आवाज मोठा होते, अक्षर तसंच राहते." शब्दाची कड बारीक आवाजात असते आणि नेमकी तीच गिरणीने खाल्ली होती, म्हणून त्याने जाड आवाजाची बटणं खाली नेली होती आणि बारीक आवाजाची वर. बाबूजींना एकदाही विचारलं नव्हतं. ऐकू न येणारा माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणे. तो एकेक बटण केसभर सरकवत त्यांच्या मांडीवरच्या बोटांकडे पाहत राहिला होता. बोटं ताल धरू लागली, तिथे थांबला. चौथी नापास माणूस! मी त्याचे हात हातात घेतले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबूजी काचा लावून गाडीत बसतात आणि भजनं ऐकतात. पण पाच वर्षांत मला जे सुचलं नाही, ते मनोहर गेल्यावर सुचलं. तिसऱ्या दिवशी गिरणीचं दार लावून मी टेपरेकॉर्डरसमोर बसलो आणि नेहमीच्या आवाजात बोललो. बाबूजींना गाडीत बसवून कॅसेट लावली. "बाबूजी, मी बोलून राहिलो. आपला मनोहर गेला. ताप आल्ता. मले वरडून सांगता नाही आलं."

बाबूजींनी हाताने खूण केली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे वाहू लागले. नेहमी खणखणीत बोलणारा माणूस अगदी हळू म्हणाला, "तुया आवाज त माह्या बापासारखा झाला. मले मालूमच नव्हतं."

आता घरातला जो तो कॅसेट भरतो. परवा माझ्या लेकीने शाळेतली गंमत भरली, पण सवयीने ओरडूनच. बाबूजींनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. "पोरीले सांग, हळू बोल म्हणा," ते म्हणाले. "मले आयकू येते."