आडजात

मी सपाटीवरच्या कोरीट गावचा, कपाशीच्या रानात वाढलेला. तरी नाकेदारीच्या उमेदवारांना झाडं शिकवायला जंगल खात्यानं नवापूरच्या डोंगरात मलाच धाडलं. इंग्रज अजून होते तेव्हाची गोष्ट. नाकेदार म्हणजे जंगलाचा रखवालदार. उमेदवार सगळे आसपासच्या पाड्यांवरचे, काही तर लेकुरवाळे. स्वभावानं मी तापट, पण झाडाखाली उभा राहिलो की माझा पारा सहसा चढत नसे.

वर्ग कुपात भरायचा. त्या वर्षी तोडीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणत. तोडायच्या झाडावर घणाचे दोन ठसे कसे मारायचे ते मी दाखवी, एक छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुंध्याशी. ओंडका गाडीत गेला तरी खालचा ठसा खुंटावर राहिला पाहिजे, म्हणजे चोरतोड ओळखू येते. मग प्रतवारी. एका बाजूला साग. बाकी सादडा, हेद, तिवस, धावडा कितीही उंच नि टणक असोत, खात्याच्या भाषेत सगळी मिळून आडजात, म्हणजे दुय्यम लाकूड.

हा शब्द सांगितला तेव्हा एक उमेदवार उभा राहिला. पावसाळा सरला की हा बायकापोरांसकट गुजरातेत मजुरीला जायचा. नोकरी लागली तर ती वणवण थांबणार होती. घरची बोली वेगळी, पण माझ्याशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोले.

"गुरुजी, मंग आम्ही बी आडजातच शेतस का?"

वर्ग हसला. तो हसला नाही. हे लाकडाचं नाव आहे, माणसांचा इथे काही संबंध नाही, असं मी खेकसलो आणि त्याला खाली बसवलं. त्यानंतर तो शब्द त्यानं तोंडातून काढला नाही. विचारलं की एकेका झाडाचं नाव घ्यायचा आणि थांबायचा. शेवटी माझा संयम सुटला. खात्याचे साहेब परीक्षेत नेमका हाच शब्द मागणार, नोकरी हवी की नको, असं मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. बघू, एवढंच तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी साहेब नाक्याच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसले. त्याची पाळी आली. सागाखेरीज बाकीच्या झाडांना काय म्हणतात, त्यांनी विचारलं.

"सादडा, हेद, तिवस," त्यानं सुरुवात केली.

साहेबांनी हातानं थांबवलं. त्यांना एकच शब्द हवा होता. साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहून मी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होतो. बोल बाबा एकदाचा. कुंपणाबाहेर त्याची बायको धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. त्यानं तिकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"आडजात," तो म्हणाला.

साहेबांनी त्याला पास केलं. मला हवं होतं तेच घडलं होतं, आणि मला इतकं वाईट वाटलं की वर पाहवेना.

संध्याकाळी तो नाकेदाराचा नवा पट्टा बांधून मला भेटायला आला. मी शाबासकी द्यायला लागलो, तर त्यानं मला मध्येच थांबवलं.

"गुरुजी, पुढना पोऱ्यास्ले तो शब्द शिकाडू नका."

मी बरं म्हणालो. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली. साहेब तेच होते, प्रश्नही तोच असणार होता. मी तो शब्द शिकवला.